अठरा तास वाचलं. पुढं काय?

दोस्तहो, मी गोदीत काम करतो. लागोपाठ दोन पाळ्या म्हणजे सोळा तास. जहाज लवकर मोकळं करायचं असलं की मुकादम म्हणतो थांब, आणि आपण थांबतो. तेव्हा अठरा तासांची भीती मला कुणी घालू नये, अशी माझी गुर्मी होती. यंदाच्या १३ एप्रिलला ती उतरली. त्या दिवशी सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत मी बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या गावच्या विहारात मांडी घालून वाचत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. आणि दुपारी दोनला मी हरलो. पन्नास किलोची गोण पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा गडी दीडशे पानांच्या पुस्तकाखाली दबला.

त्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे. काही बोलणं आपल्याच लोकांना झोंबेल. झोंबू द्या. बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं असतं, त्यावर टाळ्याही मिळतात.

'अठरा तास अभ्यास' हा प्रकार महाराष्ट्रात आता नवा राहिलेला नाही. बाबासाहेब दिवसाला अठरा अठरा तास अभ्यास करत, म्हणून त्यांच्या जयंतीला आणि ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनाला पोरंपोरी सलग अठरा तास वाचून त्यांना अभिवादन करतात. कुठं विद्यापीठाच्या ग्रंथालयात, कुठं वसतिगृहात, कुठं वस्तीतल्या विहारात. मुंबईत बसून मी ह्याची टिंगल करायचो. म्हणायचो, हा वाचनाचा उपास आहे. एक दिवस कडक पाळायचा आणि बाकी वर्षभर कोरडं राहायचं. आपण देव सोडले पण उपास काही सुटले नाहीत.

मग गावाकडून एका पोराचा फोन आला. "दादा, तुमच्या कविता छापून येतात. तुम्ही एक डाव आमच्यासंग बसून तं पाहा." मी कंत्राटी माणूस. मला रजा म्हणजे बिनपगारी खाडा. चार दिवसांची हजेरी बुडवली आणि विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात उभ्यानं मलकापूर गाठलं. तिथून एसटी. मोताळा, राजूरचा घाट, बुलढाणा, पुढं चिखलीकडं. आमचं गाव घाटावर. शिवारं मोकळी पडलेली, सोयाबीन कधीच निघालेली, वावरात ढेकळं आणि डोक्यावर आग. घाटाखालचे म्हणतात तुमच्या इकडं थंड. एप्रिलात येऊन बघा म्हणावं.

विहारात चाळीसेक जणं बसलो. सतरंज्या अंथरलेल्या. मोबाईल सगळ्यांचे एका पिशवीत. बोलायचं नाही, आडवं व्हायचं नाही, जेवायला दोनदा वीस वीस मिनिटं. दर तासाला एक पोरगा रजिस्टर फिरवायचा आणि आपण सही करायची. ते रजिस्टर बघून मला गोदीच्या हजेरीची आठवण झाली. पण इथं खाडा मांडणारा कुणी नव्हता, त्यामुळं सही करताना हात वेगळाच वाटला.

मी सोबत 'जातिनिर्मूलन' घेऊन गेलो होतो. १९३६ सालचं ते भाषण, जे झालंच नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी मागवलं, वाचलं आणि घाबरले. काही भाग काढा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. मंडळानं परिषदच रद्द केली. मग बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. पंधराशे प्रती. दोन महिन्यांत संपल्या. ही सगळी हकीकत मी सभांतून दहा वेळा ऐकली आहे आणि दोन वेळा स्वतः सांगितली आहे. पण दोस्तहो, खरं सांगतो, पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कधी वाचलेलं नव्हतं. इकडून एक उतारा, तिकडून एक उतारा, त्याच्यावर कविता आणि त्याच्यावर टाळ्या. आपल्यातले किती जण असे आहेत? हात वर करू नका. स्वतःशीच मोजा.

पहिले दोन तास झोकात गेले. आठला चहा आला. दहाला डोळे चुरचुरायला लागले. अकराला मी एकच पान तिसऱ्यांदा वाचत होतो. शेजारी कोण काय वाचतंय ते बघायला लागलो. बघतो तर काय! तलाठी भरती, पोलीस भरती, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी, अंकगणित. चाळीसातल्या तीस जणांपुढं गाईड. बाबासाहेबांच्या नावानं बसायचं आणि गाईड वाचायचं! माझं डोकं फिरलं. जेवणाच्या वीस मिनिटांत मी भाषणच ठोकलं. म्हटलं, हे अभिवादन आहे की क्लास आहे? तुम्हाला बाबासाहेब पाहिजेत की साहेबाची खुर्ची?

सगळे खाली बघून जेवत राहिले. एक पोरगी उठली. बी. ए. झालेली. ताट हातात तसंच धरून म्हणाली, "दादा, बाबासाहेबांनी परीक्षा नाही दिल्या का? मंग एवढ्या डिगऱ्या कायले घेतल्या? माह्या घरी दीड एकर कोरडवाहू हाय अन् माह्या खाली दोन बहिणी. मी तलाठी झाली तं त्या शिकतीन. तुमच्या कवितेनं शिकतीन का?"

मी गप्प झालो. उत्तर नव्हतं. आजही नाही. आम्ही कवी लोक नोकरीला नाकं मुरडतो, पण आमच्या अंगावरचा शर्ट कुणाच्या तरी नोकरीतून आलेला असतो. ज्यांच्या सात पिढ्या कचेरीत बसल्या त्यांनी गाईडला हसावं. आपल्या पोरीनं सातबारा लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसणं म्हणजे काय, हे ज्याचा बाप त्या खुर्चीपुढं टोपी काढून उभा राहिला त्यालाच कळतं. तेवढ्यापुरती ती पोरगी बरोबर होती आणि मी चूक.

पण तेवढ्यापुरतीच. हिशेब पुढंही करायला पाहिजे. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांवर. एका जागेमागं दोनशेच्या वर पोरंपोरी. आता ह्या सगळ्यांनी अठरा अठरा तास अभ्यास केला असं धरू. चोवीस तास केला असं धरू. तरी जागा ४,६४४ च. वाचून आपला नंबर पुढं सरकेल, पण रांग काही आखूड होत नाही. मी पुढं गेलो तर दुसरा मागं गेला, आणि तो दुसरा बहुतेक आपल्यातलाच. त्याच २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. पोरं रस्त्यावर उतरली, ओरड झाली, तेव्हा ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. रस्त्यावर उतरलेल्या त्या पोरांनी आधी तो निर्णय वाचला होता. कंत्राट म्हणजे काय ते मी गोदीत रोज अंगावर घेतो. तेव्हा गाईड वाचा, जरूर वाचा. पण जागा एवढ्याच का, फी एवढी का, कंत्राट कुणाच्या फायद्याचं, हेही वाचा. गाईडमध्ये हा धडा नसतो. तो बाबासाहेबांकडं आहे.

हे मी त्या पोरीला संध्याकाळी सांगितलं. तिला पटलं की नाही ठाऊक नाही. पण त्याआधी दुपारी तिनं मला एक गोष्ट शिकवली. दोनला लाइन गेली. पंखे बंद. पत्र्याखाली चाळीस माणसं. घाम पुस्तकावर पडत होता. मी पुस्तक मिटलं आणि भिंतीला टेकलो. माझं नाटक संपलं होतं. तिनं न बोलता एक चिठ्ठी सरकवली. लिहिलं होतं, 'दर पान वाचून झालं की त्याचा अर्थ आपल्या शब्दात एका ओळीत लिहा. झोप येत नाही.' सामान्य ज्ञानवाली पोरगी कवीला वाचायचं कसं ते शिकवत होती. मी वही काढली. एक पान, एक ओळ. संध्याकाळपर्यंत साठ ओळी झाल्या. माझ्या कुठल्याही कवितेपेक्षा त्या साठ ओळींची मला जास्त किंमत आहे.

त्या ओळींतली एक सांगतो. बाबासाहेब तिथं दाखवतात की जात नुसती कामं वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि वरखाली पायऱ्यांवर बसवते. हे वाक्य सभेत ऐकलं होतं तेव्हा बरं वाटलं होतं. विहारात, घामाघूम, त्याच्या मागची आणि पुढची पानं वाचली तेव्हा मला माझी टोळी दिसली. आम्ही अकरा जणं. गोण सगळ्यांना सारखीच. पण जेवायला बसताना तीन गोल पडतात. कुणी पाडत नाही, पडतात. खताची भुकटी उडणारं काम आलं की मुकादमाची नजर आपोआप ठराविक माणसांवर जाते. हे मी चार वर्षं बघत होतो आणि 'असंच असतं' म्हणत होतो. युनियनचा माणूस मला वर्ग सांगत होता, वस्तीतला माणूस जात सांगत होता. दोन्ही एकाच गोणीत भरलेलं आहे हे एका पुस्तकाशी सलग आठ तास झगडल्यावर कळलं. तुकड्यातुकड्यानं वाचून कळलं नव्हतं. म्हणून सांगतो, मी ह्या अठरा तासांची टिंगल आता करत नाही. सलग बसण्यात काहीतरी आहे. गरीब माणसाला सलग काहीच मिळत नाही, झोपसुद्धा नाही. सलग विचार करायला मिळणं ही चैन आहे, आणि ती आपण एक दिवस का होईना हिसकावून घेतो.

पण मग अठरा हा आकडा आला कुठून? त्याची पूजा करण्याआधी हे विचारायला नको का?

१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले. मुदत तीन वर्षांची. १९१६ साली लंडनला गेले. तिथलं शिक्षण अर्ध्यावर असताना शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली परत यावं लागलं. त्यांचं सामान आणि पुस्तकं दुसऱ्या जहाजावर होती. ते जहाज जर्मनांनी टॉर्पेडो मारून बुडवलं. मी रोज जहाजं बघतो. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेल्याचं ऐकून त्या माणसाला काय वाटलं असेल, ह्याचा विचार करत मी कितीदा धक्क्यावर उभा राहिलो आहे. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन. १९२३ साली डी. एस्सी. म्हणजे बघा, डोक्यावर सतत मुदत टांगलेली. पैसे संपायच्या आत पुस्तकं संपवायची. त्याआधी परळच्या चाळीत एकच खोली, त्यात सगळं घर. अभ्यासाला जागा आणि शांतता मिळावी म्हणून बाप रात्री दोनला पोराला उठवायचा. अठरा तास ही त्यांची हौस नव्हती. ज्याला जागा नाही, पैसा नाही, वेळ नाही, त्यानं शरीर जाळून काढलेली ती वाट होती. पुढं त्या शरीरानं हिशेब वसूल केला. मधुमेह, डोळे, पाय.

आणि हाच माणूस १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होता. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक बाबासाहेबांनी मांडलं. स्वतः अठरा तास बसले आणि कामगारासाठी आठ तास मागितले. त्या दोन आकड्यांत मला एकच माणूस दिसतो. कामगाराच्या हातात दिवसातले चार तास मोकळे राहावेत, त्याला झोपेचं खोबरं न करता वाचता यावं, पोरांजवळ बसता यावं. आपण अठरा लक्षात ठेवला आणि आठ विसरलो. आज आपलीच पोरं हायवेवरच्या धाब्यावर, शहरातल्या गोदामात, सिक्युरिटीच्या खुर्चीत बारा बारा तास राबतात आणि जयंतीला अठरा तास वाचून येतात. आठ तासांसाठी भांडायला कोण येणार?

आता सगळ्यात झोंबणारं बोलतो.

आम्ही चाळीस जणं वाचत होतो तेव्हा विहाराच्या मागं चूल पेटलेली होती. पहाटे चारपासून. वस्तीतल्या दहाबारा बाया. चहा, खिचडी, संध्याकाळी भाजीपोळी, पुन्हा चहा, भांडी. त्यांचेही अठरा तास भरले, वीस भरले. रजिस्टरवर त्यांची सही नव्हती. रात्री प्रमाणपत्रं वाटली तेव्हा त्यांना मिळालं नाही. आभार मात्र मानले, 'माता-भगिनींचे'. बाबासाहेबांचे अठरा तास आपण सांगतो तेव्हा रमाईचे सांगतो का? चार लेकरं मातीत गेली, नवरा सातासमुद्रापार, आणि ती माउली घर ओढत होती. एक माणूस अठरा तास वाचतो तेव्हा दुसरं कुणीतरी अठरा तास राबत असतं. ते कुणीतरी आपल्याकडं बाईच असतं. मनुस्मृती आपण १९२७ साली महाडला जाळली. चुलीपुढं ती अजून जिवंत आहे की नाही ते आपल्या आपण बघा.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मी पाणी प्यायला मागं गेलो. एक म्हातारी भांडी घासत होती. माझ्या काखेतल्या पुस्तकाकडं बघून म्हणाली, "काय लिहेल हाय रे बाबू त्याच्यात? सकाळपासून पाह्यतो तं तू त्याच्यातच तोंड घालून हाय."

मी ओट्यावर बसलो आणि तिला सांगायला लागलो. सांगता सांगता वाचायला लागलो. चार ओळी वाचायच्या, मग आपल्या बोलीत सांगायच्या. दुसरी आली, तिसरी आली, सातआठ जणी जमल्या. एकीनं राखेचे हात पदराला पुसले. पायऱ्यांचं सांगितलं, वरच्याचा पाय खालच्याच्या डोक्यावर आणि खालच्याचा अजून खालच्याच्या, ते सांगितलं. म्हातारी म्हणाली, "हे तं आमाले ठाऊकच हाय. पण बाबासायबानं लिहून ठेवलं हे लय बरं केलं. आपण सांगतो तं कोणी आयकत नाही."

तेवढ्यात आतून संयोजक आला. म्हणाला, "दादा, आवाज येऊन रायला. सायलेन्सचा नियम हाय." मी म्हटलं, नियम कुणी केला? १९२० साली 'मूकनायक' निघाला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. तेव्हा वस्तीत वाचता येणारा एखादाच. तो कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचायचा आणि सगळी वस्ती ऐकायची. चळवळ त्या आवाजानं उभी राहिली. मुकाट वाचून नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यानं बाबासाहेबांना फक्त हार घालायचा का? संयोजक पोरगा चांगला होता. थोडा वेळ उभा राहिला आणि मग तिथंच बसला. त्याची आई त्या बायांत होती.

दहाला बाहेर डीजेवाला आवाज तपासायला लागला. विहाराच्या खिडक्या थडथडायला लागल्या. सायलेन्सचा नियम त्याला कुणी सांगितला नाही. बाराला फटाके. एक पुढारी आले, उशिरा. त्यांनी बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर भाषण केलं, मोबाईलमध्ये बघून. बोर्डावर त्यांचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठा. प्रमाणपत्र, फोटो, पुन्हा फोटो. मला राग आला नाही, एवढा थकलो होतो. डोळे सुजलेले, पाठ लाकूड झालेली, आणि डोक्यात मात्र लख्ख उजेड. दोन पाळ्या करून आल्यावर असं होत नाही. दोन पाळ्यांनंतर डोकं रिकामं झालेलं असतं.

१४ ला मिरवणूक झाली. मीही नाचलो. नाचण्यावर माझा राग नाही. ज्यांना वाजतगाजत जायला बंदी होती त्यांनी वर्षातून एकदा गाव दणाणून सोडावं.

१५ तारखेला संध्याकाळी सातला मी वही घेऊन विहारात गेलो. राहिलेली पानं वाचायची होती. दाराला कुलूप. चौकशी केली तर चाबी कमिटीच्या माणसाकडं आणि तो अकोल्याला गेलेला. खिडकीतून बघितलं. आत काचेचं कपाट, त्यालाही कुलूप, त्यात बाबासाहेबांचे खंड, प्लास्टिकसकट. दोन दिवसांपूर्वी अठरा तास वाचणारी पोरं पानठेल्याच्या उजेडात उभी होती. ती पोरगी घरी होती. घरात एक बल्ब, एक टीव्ही, सहा माणसं.

हे एका गावाचं नाही. महाराष्ट्र सरकारनं १९७९ साली बाबासाहेबांच्या लेखनाचा आणि भाषणांचा पहिला खंड काढला. वसंत मून ह्यांनी त्यासाठी जन्म घातला. लोक रांगा लावून ते खंड घेतात, चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर जाऊन बघा, माणसं भाकरीचे पैसे वाचवून पुस्तकं नेतात. आणि २०२१ साली काय झालं? ह्या खंडांची छपाई रखडल्याची, त्यासाठी आणलेला कागद पडून असल्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे वाचणारे रांगेत, कागद गोदामात. गोदाम काय असतं ते मला विचारा. माल कुजला तरी चालेल, पण कुलूप साहेबाच्या सहीशिवाय उघडत नाही. सरकारचं कुलूप आणि आपल्या विहाराचं कुलूप, दोन्ही मला सारखीच दिसली. फरक एवढाच की आपलं कुलूप उघडायला कोर्टात जावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अठरा तास वाचा. मी पुढच्या वेळी पुन्हा बसणार आहे. पण जो अठरा तास दुसऱ्या दिवशी कुलपात बंद होतो तो अभ्यास नव्हे, तो सोहळा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेबद्दल बजावून ठेवलं होतं, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते म्हणून. आपण त्यांच्या अभ्यासाचीसुद्धा भक्ती करून टाकली तर काय उरलं?

गावोगावच्या पोरांनी चार गोष्टी कराव्यात. एक, विहार रोज संध्याकाळी दोन तास उघडा, दिवा लावलेला, कपाट बिनकुलपाचं. पुस्तक चोरीला गेलं तर जाऊ द्या. पुस्तक चोरणारा आपल्या वस्तीत निघाला तर मी त्याचा सत्कार करीन. दोन, त्यातला अर्धा तास मोठ्यानं वाचायचं, बायांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी. आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं. तीन, पुढच्या अठरा तासांना बाया आत बसतील आणि गडी चूल सांभाळतील. निदान अर्धा दिवस. चार, ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला १५ टक्के पैसा मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असा शासनाचा नियम आहे. तो कुठं जातो ते ग्रामसभेत उभं राहून विचारायचं आणि त्यातून अभ्यासिका मागायची. पुढाऱ्याकडं वर्गणी मागायची नाही. आपला हक्काचा पैसा मागायचा.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही दहापंधरा जणं कमिटीकडं गेलो. ती पोरगी पुढं होती. तासभर भांडण झालं, लाइट बिल कोण भरणार ह्यावर. डीजेच्या वर्गणीला असं भांडण झालं नव्हतं, हे तिनंच बोलून दाखवलं. शेवटी चाबी मिळाली. पहिल्या महिन्याचं बिल मी दिलं. त्यात काही मोठेपणा नाही, माझी एक दिवसाची हजेरी.

परवा तिचा फोन आला होता. कधी आठ जणं येतात, कधी दोन. पावसात एक आठवडा कुणीच आलं नाही. ती मात्र रोज दार उघडते. म्हातारी गुरुवारी येते आणि 'पुढं काय झालं' विचारते. पोरगी म्हणाली, "दादा, तलाठ्याचा अभ्यास तं चालूच हाय. पण तुमचं ते पुस्तक आता मीच मोठ्यानं वाचते. गळा बसला माहा."

गोदीत जेवणाच्या सुट्टीत मीही वही काढतो. एक पान, एक ओळ. दुसऱ्या गोलातला एक जण काल उठून आला आणि विचारलं, काय लिहितोस रे? त्याला वाचून दाखवलं. तो बसून राहिला.

६ डिसेंबरला पुन्हा बसू. अठरा तास, सलग. पण ७ डिसेंबरला संध्याकाळी सातला विहाराचं दार उघडं पाहिजे.

जयभीम.